उजवीकडच्या झांजा

कुणालच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे गजेंद्ररावांना दाढी करताना आठवलं आणि हनुवटी कापली.

रत्नप्रभाबाईंनी तुरटी पुढे केली, नेहमीप्रमाणे डाव्या हाताने. प्रसाद तेवढा उजव्या हाताने द्यायचा, एवढंच सासूबाई त्यांना शिकवू शकल्या होत्या.

"लक्ष कुठं असतं हल्ली?" त्यांनी विचारलं. गजेंद्ररावांनी तुरटी हनुवटीवर फिरवली.

गजेंद्रराव आणि रत्नप्रभाबाई दोहात मुलाकडे राहत; पत्र त्याच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर आलं होतं. कुणाल हा त्यांना अनोळखी तरुण, दोहातच आयटीत होता आणि हौस म्हणून जुनी वाद्यं दुरुस्त करायचा. मुंबईत अगदी सुरुवातीला रॉक अँड रोल वाजवणाऱ्या एका बँडचा ड्रमसेट त्याच्या हाती लागला होता. मोठ्या ड्रमच्या आत 'गजेंद्र सबनीस' असं नाव होतं. त्याचा माग काढत तो इथवर पोचला. सेट एका कतारी संग्राहकासाठी घेतलेला. महिनाअखेरीनंतर तो काचेत जाणार, मग कुणी हात लावायचा नाही. त्याआधी चार लोकांसमोर सेटच्या मूळ ड्रमरने तो एकदा वाजवावा, इतकंच मागणं होतं.

इतकंच म्हणे. साठ वर्षं काठ्या न धरलेले हात. चाललेच नाहीत तर? लोक टाळ्या वाजवतील, पण त्या कीव येऊन. ते गजेंद्ररावांना बघवलं नसतं. आणि नाही म्हणावं, तर काच कायमचीच.

पत्राखाली फोन नंबर होता. पण अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की ते मोबाईल परत खाली ठेवत. रात्री पुस्तक उघडत, तेच पान तिसऱ्यांदा वाचत, मिटत आणि येरझाऱ्या घालत.

शेवटी एका संध्याकाळी टॅक्सी करून ते न कळवताच अल अझीझियाला कुणालच्या घरी थडकले. कुणालने सेट बैठकीत मांडला होता. भिंतीवर बँडचा फोटो. ड्रमरचा चेहरा नेमका झांजेमागे दडलेला. दिसत होती ती फक्त बारीक मनगटं.

"आतलं नाव तुमचंच ना, काका?"

"माझंच. अक्षरही माझंच."

कुणालने काठ्या पुढे केल्या. गजेंद्ररावांनी त्या रुमालाने पुसून बाजूला ठेवल्या आणि मांडणी बदलायला घेतली. पायाने वाजणारी झांजांची जोडी डावीकडून उजवीकडे नेली, मोठी झांज डावीकडे आणली. बाकी सगळंही तसंच उलटं केलं. त्यांना धाप लागली, पण कुणालला त्यांनी हात लावू दिला नाही.

"डावखुरा सेट होय. मी उगाच फोटो बघून डोकं खाजवत होतो," कुणाल म्हणाला. "बसा ना काका, एकदाच."

"आज नको. कळवतो."

मदिनत खलीफाला घरी परतल्यावर त्यांनी पत्र रत्नप्रभाबाईंपुढे ठेवलं. बाईंनी गॅस बारीक करून ते दोनदा वाचलं.

"पाहून आलात?"

"हो."

"पेडल अजून कुरकुरतं का?"

"दाबलं नाही."

"मग काय डोंबल पाहिलंत?" त्यांनी पत्राची घडी घातली. "भीती वाटते?"

"फार."

"वाटू दे. कळवून टाका एकदाचं. तुमच्या येरझाऱ्यांनी फरशी झिजली."

गजेंद्ररावांनी उत्तराचे कितीतरी कागद फाडले. एकात माफी जास्त झाली, दुसऱ्यात आठवणी. शेवटी उरल्या चार-पाच ओळी. त्या त्यांनी पाकिटात घातल्या, पोस्टापर्यंत जाऊन पेटीत सोडल्या आणि परत निघाले.

'महिनाअखेरीला येतो. मांडणी मी केली आहे तशीच राहू द्या. आतलं नाव सेट विकत घेणाऱ्याचं आहे, वाजवणाऱ्याचं नाही. स्टूल तेवढं बुटकं ठेवा. रत्नप्रभाचे पाय आता पूर्वीसारखे पेडलपर्यंत पोचत नाहीत.'