तिसरा रकाना

झरा आटल्याची बातमी शेजारच्या होइटनं आणली. तो दारातूनच म्हणाला, "गाई वरून तहानलेल्याच परत आल्या, ऑर्व्हल. तुझ्या नेल्डाच्या झऱ्याला थेंब नाही."

ऑर्व्हल त्याच्या गाडीत बसून वर जंगलात गेला. दगडाखालचं शेवाळ अजून हिरवं होतं. पाणी नव्हतं. शेजारी जमिनीला हाताचा पंजा आत जाईल एवढी भेग पडली होती.

त्याच्या बायकोला, नेल्डाला, जाऊन तीन महिने झाले होते. तीस वर्षं ती दर रविवारी इथं यायची, बर्फातसुद्धा. कॉफीचा रिकामा डबा धारेखाली धरायची आणि तो किती सेकंदांत भरला ते वहीत लिहायची. परत येताना बरणीभर पाणी घरी आणायची. ऑर्व्हल रविवारी झोपायचा. बाकी आठवडाभर तो याच डोंगराच्या पोटात कोळसा कापायचा.

"तिला हे बघावं लागलं नाही, तेवढं बरं," होइट म्हणाला.

ऑगस्टमध्ये वनखात्याची माणसं आली. खाणीला आता शेजारचं सरकारी जंगलही हवं होतं, आणि त्यानं काय नुकसान होईल ते तोलायचं काम यांचं. पायांत कोरे बूट, गळ्यात दुर्बिणी. दोन दिवस हिंडले, होइटच्या अंगणात बसून सँडविच खाल्ली आणि गेले. ऑक्टोबरात चारशे पानांचा अहवाल आला. झऱ्याच्या वाट्याला त्यातली एक ओळ आली होती: 'पाहणीच्या वेळी वाहतं पाणी आढळलं नाही, सबब पाण्यावर परिणाम संभवत नाही.'

"मढं बाहेर काढायचं आणि मग म्हणायचं, या घरात कुणी मेलंच नाही," ऑर्व्हल म्हणाला.

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत होती. चर्चच्या बायकांनी बिस्किटं ठेवली होती. बाकांवर निम्मी खाणच बसली होती, सगळे ऑर्व्हलच्या पाळीतले. जूनमध्ये निवृत्त झाल्यापासून तो त्यांना भेटला नव्हता. समोर टेबलाशी वनखात्याच्या मिस प्रुइट, आणि टेबलावर हिरवा-पिवळा-लाल दिवा. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. कंपनीचा माणूस दुष्काळावर बोलला आणि बिस्किट घेऊन खाली बसला.

ऑर्व्हल उठला. दिव्याकडे बघून त्यानं नाक मुरडलं.

"जंगलासाठी तीन मिनिटं. बाई, अंडं उकडायलाही जास्त लागतात."

लोक हसले. तो हसला नाही.

"दुष्काळ म्हणे. तीस वर्षांत चार दुष्काळ बघितले त्या झऱ्यानं. तुम्ही डोळ्यांवर कातडं ओढून बसलाय. मी सांगतो, जमिनीखाली काय चाललंय हे ज्याला ठाऊक असतं आणि जो तरी तोंड उघडत नाही, तो माणूस माझ्या लेखी थुंकायच्याही लायकीचा नाही."

बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "हाण, म्हाताऱ्या."

मिस प्रुइट रागावल्या नाहीत. त्यांनी पेन उघडलं.

"मिस्टर स्टकी, झऱ्याची मोजमापं असतील तर द्या. पण नुसतं पाणी घटलं म्हणून मला काही लिहिता येत नाही. त्या त्या दिवशी खाली खाण कुठवर आली होती, तेही लागतं. कंपनी ते गुपित म्हणून सांगत नाही. दोन्ही आणून दिलंत, तर मला ते अंतिम अहवालात घ्यावंच लागेल. शुक्रवारी पाचपर्यंत."

"मोजमापं?" ऑर्व्हलनं कोटाच्या खिशातून नेल्डाची शेवटची वही काढली. ती गेल्यापासून त्यानं ती उघडली नव्हती. त्याआधीही कधी उघडली नव्हती. त्यानं चष्मा चढवला आणि मागचं पान काढलं.

पहिल्या रकान्यात तारीख होती, दुसऱ्यात सेकंद. तिसरा रकाना असेल हे त्याला माहीत नव्हतं.

'११ जानेवारी. अकरा सेकंद. आडबोगदा सेहेचाळीस.'

रोज संध्याकाळी तो बूट काढत असताना नेल्डा सूप पुढे ठेवायची आणि विचारायची, "आज कुठवर?" खाणीत आडबोगद्यांना आकडे असतात. कापत कापत मागं येताना ते उतरत जातात. तो आकडा सांगायचा. बायकोला जिवाची काळजी, असं तो पाळीतल्या लोकांना सांगायचा.

'१ फेब्रुवारी. एकोणीस सेकंद. आडबोगदा एक्केचाळीस.'

'२२ फेब्रुवारी. अठ्ठावन्न सेकंद. आडबोगदा छत्तीस. ऑर्व्हल म्हणतो, छतातून पाणी गळतंय, सगळे रेनकोट घालून कापतात. हसत होता.'

त्याला तो आठवडा आठवला. पाणी टोपीवरून ओठांवर आलं होतं. खाणीचं पाणी खारट असतं. हे गोड होतं. घरच्या बरणीतल्या पाण्यासारखं. तेव्हा त्यानं तोंड पुसलं होतं आणि यंत्र पुढं चालवलं होतं.

"मिस्टर स्टकी?" मिस प्रुइट म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला होता.

दिवा लाल झाला.

"वेळ संपला," ऑर्व्हल म्हणाला आणि वही मिटून जागेवर जाऊन बसला.

शेजारच्यानं त्याची पाठ थोपटली. "चांगली जिरवलीस त्यांची."

घरी आल्यावर त्यानं पानाच्या तळाशी असलेली ओळ वाचली. अक्षर वाकडं होतं, दवाखान्यातलं. 'वही ऑर्व्हलला विचारून मग द्यायची.'

तिनं विचारलं नव्हतं.

शुक्रवारचे पाच वाजून गेले. वही कोटाच्या खिशातच आहे.