चौथं यीस्ट

पाव फुगवणाऱ्या यीस्टला प्रयोगशाळेत जनुकं बदलून एकच काम शिकवलं होतं: औषध लागू पडणारं असेल तर हिरवं चमकायचं, नसेल तर गप्प बसायचं. सरांनी सहा वर्षं जिवापाड जपलेलं औषध त्यात घातलं, आणि यीस्ट ढिम्म गप्प बसलं.

"यीस्ट बिघडलंय. टाकून दे," सर म्हणाले.

मदतनीस ताईने ते उकळून मारलं आणि दुसरं वाढवलं. तेही गप्प, म्हणून तेही कचऱ्यात. तिसऱ्याचीही तीच गत झाली. मधल्या काळात सर दोनदा डोकावून सांगून गेले, "तुला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे बरं का."

चौथं यीस्ट मात्र भलतंच गुणी निघालं. औषधाचा थेंब पडायचा अवकाश, अख्खी ताटली हिरवीगार.

"बघ, मी म्हणत नव्हतो? याला म्हणतात अक्कल," सर हरखून म्हणाले.

ताईने ताटली डोळ्यांजवळ नेली. शेवटच्या रांगेतल्या खळग्यांत तिने औषध घातलंच नव्हतं, पडताळणीसाठी नुसतं पाणी ठेवलं होतं. तीही रांग तितक्याच उत्साहाने हिरवी झाली होती.

"काय गं, काही चुकलंय का?"

खरं बोलून कचऱ्यात गेलेली आधीची तिन्ही यीस्टं ताईला आठवली.

"छे हो सर," ती म्हणाली, "हे तर अगदी आपल्यातलंच आहे."