भाकितातला भागाकार

मिठागराच्या वस्तीतल्या सरकारी शाळेत शिकवणारं यंत्र जागृतीला बेरीज-वजाबाकीपुढे नेईना. ही मुलगी मोठी होऊन मीठच ओढणार, असं त्याचं भाकीत होतं. शाळेतल्या शिक्षिका हेमलताबाईंना ते बघवेना. शाळा सुटल्यावर थांबवून त्यांनी तिला फळ्यावर भागाकार शिकवला.

वार्षिक परीक्षेत जागृतीची सगळी गणितं बरोबर आली आणि यंत्राने तिला नापास केलं. हिला भागाकार येणं शक्यच नाही, तेव्हा ही कॉपी आहे, असा निकाल पडद्यावर उमटला.

बाई तालुक्याला जाऊन भांडल्या. तिथले शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, "यंत्र चुकत नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी जागृतीने विचारलं, "बाई, आता फेरपरीक्षेत चुकीचं लिहू का?"

हेमलताबाईंना तिच्याकडे बघवलं नाही.

"भागाकाराची तेवढी गणितं चुकव," त्या म्हणाल्या. "पास होशील."