आधी कॉक, मग पाना

सिंकखालून पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर आली. हातातला पाना निसटला. चाचपडत, कुणाला तरी शिव्या घालत त्याने कॉक गाठून बंद केला, पण तोवर भाड्याने घेतलेल्या त्या नव्या खोलीत पाणी गादीपर्यंत पोचलं होतं.

फोनवर वडील होते. नट सोडव, आतला वायसर काढ, सगळं त्यांनीच सांगितलं होतं. आधी कॉक बंद कर, एवढं मात्र सांगितलं नव्हतं. आणि हा असा गुणाचा, की त्यांनी सांगितल्याशिवाय आपलं डोकं चालवणार नाही. उभा जन्म नळ जोडण्यात गेलेला माणूस कॉक विसरेल कसा? मुद्दाम केलं असणार. घर सोडताना ते म्हणालेच होते, चार दिवसांत परत येशील. ताईही हल्ली सारखी बोलवायची. बाबांना विसरायला होतंय, घरी ये म्हणायची. दोघं एकाच माळेचे मणी, असं त्याला वाटायचं.

रागाच्या भरात तो फोनवर नको ते बोलून गेला. मग त्यानेच फोन कापला. तासाभराने वडीलच दारात उभे राहिले, खांद्याला हत्यारांची जुनी पिशवी. ताई त्यांना सोडून खाली गाडी लावायला गेली.

लहानपणी दोघांची कामं ठरलेली असत. वडील सिंकखाली शिरायचे आणि हा टॉर्च धरायचा. उजेड जरा हलला की "धांदरट!" म्हणून ओरडा बसे. कॉक न बघता पान्याला हात लावला की डोक्यात टपली आणि वर मंत्र, आधी कॉक, मग पाना. कौतुक करायचं म्हटलं की त्यांची जीभ जड व्हायची. वेगळी खोली घ्यायचं खरं कारण हेच होतं. आपलं आपण निभावून दाखवायचं आणि एकदा तरी त्यांच्या तोंडून बरं काही ऐकायचं. बापाच्या शाबासकीची भूक मिशा फुटल्या म्हणून जात नाही.

वडील गुडघे टेकून बसले. पिशवीतून पाना काढला. तो उलटा धरला, मग सुलटा. नटाला लावला आणि काढून घेतला. मग ते नुसतेच पान्याकडे बघत राहिले, अनोळखी वस्तू हाती आल्यासारखे.

त्याचा राग तिथेच विरला. ताई खरंच बोलत होती. त्याने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. हलक्या हाताने पाना आपल्याकडे घेतला.

"बाबा, तुम्ही टॉर्च धरा."

वडिलांनी मुकाट्याने टॉर्च धरला. तो सिंकखाली शिरला. कॉक बंदच होता, तरी पुन्हा हाताने बघितला. त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आधी कॉक, मग पाना. जुना वायसर काढला, नवा बसवला, आट्यांवर टेप गुंडाळली, नट आवळला. उजेड जराही हलला नाही. फार नीट धरला होता त्यांनी टॉर्च.

त्याने कॉक सोडला. वडिलांनी वाकून जोडावरून बोट फिरवलं आणि ते डोळ्यांजवळ नेलं. बोट कोरडं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान त्याने आजवर पाहिलं नव्हतं. श्वास रोखून तो थांबला.

"हात चांगला आहे तुमचा, मिस्तरी," वडील म्हणाले. "कुणाकडे शिकलात?"