गंधपेशींची बदली

कढईतलं खोबरं करपलं तरी शरयू ढवळतच होती; करपल्याचा वास फक्त तिच्या नवऱ्याला, मुकुंदरावांना, येत होता. तिचं हृदय थकलं तेव्हा नाकातल्या गंधपेशींना धडधडायला शिकवून डॉक्टरांनी हृदयात वसवलं होतं. त्या वेळी ती बेशुद्ध होती. कोणत्या पेशी हलवायच्या, ते मुकुंदरावांनीच ठरवलं होतं.

“नाकच का सांगितलंत?”

“डोळे, कान कसे देणार? नाकावाचून काही अडत नाही, असं वाटलं.”

शरयूने गॅस बंद केला. तान्हेपणीच गेलेल्या लेकीचं झबलं पेटीतून काढून तिने त्यांच्या हाती दिलं.

“तिचा वास अजून येतो का हो याला?”

त्यांनी ते नाकाशी धरलं. वेखंड, दूध, टाळूवरचं तेल. सारं तसंच होतं. झबलं तिच्या हातात परत ठेवून ते बाहेर निघून गेले.