अकरा ठिपक्यांचा चेहरा

भार्गव पाटोळेंच्या डाव्या डोळ्यात बसवलेला कॅमेरा नऊशे ठिपक्यांचा होता. दारात उभ्या राहिलेल्या बायकोचा चेहरा त्यात अकरा ठिपक्यांत मावायचा: केसांचे चार काळे, गालांचे सहा करडे आणि कपाळावरच्या कुंकवाचा एक. हे अकरा ठिपके म्हणजे इंदुमती, हे ओळखायला त्यांच्या मेंदूला आठ महिने लागले होते.

आता चाळीस लाख ठिपक्यांचा नवा कॅमेरा आला होता. "रंगही दिसतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मेंदूला सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. बारांतल्या एकाला चेहरे ओळखताच येत नाहीत."

विणायला घेतलेली खुर्चीची वेताची बैठक भार्गवनी दोन दिवस तशीच अर्धवट ठेवली.

"हे अकरा जातील, आणि तू ओळखूच आली नाहीस तर?"

"अहो, लग्नात तरी कुठं दिसत होते मी तुम्हाला?" इंदुमती म्हणाली. "तेव्हा आवाजावर भागवलंत, तसं पुन्हा भागवा. फक्त सुरकुत्यांना नावं ठेवायची नाहीत!"

भार्गवना हसू आलं. त्यांनी होकार कळवला.

शस्त्रक्रियेनंतर चौतिसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना वीस बायकांचे फोटो एकामागून एक दाखवले. तेरावा इंदुमतीचा होता. तो ओळखायला भार्गवना अडीच सेकंद लागले.