डावा कान

भाऊबीजेला ओवाळून झालं की अक्का माझ्या डाव्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटते. गेली साठ वर्षं. तो कान मी सहा वर्षांचा असताना गालगुंडानं नेला. आधी अक्काला झालं, मग मला. ती खडखडीत बरी झाली, माझा कान मात्र कायमचा गेला. मी दरवर्षी विचारतो, "काय म्हणालीस?" तीही दरवर्षी सांगते, "काही नाही. करंजी खा."

यंदा लेकीनं हट्टानं मला यंत्र बसवून आणलं. डावीकडचा आवाज ते उजव्या कानात आणून सोडतं. शेजाऱ्यांचं भांडण आता पूर्ण ऐकू येतं. अक्काला मी हे सांगितलं नव्हतं, आणि ओवाळताना डोक्यावर कान झाकणारी टोपी होतीच.

ती वाकली. "दिगू, मला वेगळं ठेवलं होतं ना, तेव्हा दाराच्या फटीतून चोखलेली लिमलेटची गोळी मीच तुला दिली रे. म्हटलं, तुलाही झालं की दोघं सागरगोटे खेळू. तुझे गाल फुगेपर्यंत माझे उतरलेसुद्धा. चुकलं रे माझं."

गोळी आठवली. नारिंगी होती. तेवढी गोड पुन्हा मिळाली नाही.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. करंजी खा."

मी अर्धी खाल्ली आणि उरलेली तिच्यापुढे धरली. "घे. उष्टी आहे."

अक्का क्षणभर माझ्या टोपीकडे बघत राहिली.

"मेल्या," ती म्हणाली आणि करंजी तोंडात टाकली.